कृमिविवरांची किंमत

कृमिविवर म्हटले की डोळ्यांपुढे बोगदा उभा राहतो. एका तोंडातून आत शिरायचे आणि हजारो प्रकाशवर्षे दूर दुसऱ्या तोंडातून बाहेर पडायचे. कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी हे चित्र इतके रुजवले आहे की या विषयावरची बहुतेक चर्चा ‘जाता येईल का’ या एकाच प्रश्नाभोवती घुटमळते. माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. अशा बोगद्याचा गळा उघडा ठेवायला गुरुत्वाकर्षणाचा एखादा सिद्धांत काय किंमत मोजायला लावतो, हे विचारले की त्या सिद्धांताच्या पोटात काय दडले आहे ते बाहेर येते. कृमिविवराचे खरे महत्त्व या कसोटीत आहे. चारपेक्षा अधिक मितींचे सिद्धांत गेली तीसेक वर्षे सांगत आले आहेत की ही किंमत आमच्याकडे माफ होते. ती माफ होत नाही, दुसऱ्या खात्यावर जाते, आणि कोणत्या खात्यावर गेली हे तपासायची जागा विश्वाचा आरंभकाळ ही आहे, असे मला इथे मांडायचे आहे.

या किमतीचा हिशेब मांडणारे समीकरण १९५५ साली कोलकात्याहून आले. अमलकुमार रायचौधुरी यांनी ते ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध केले, पुढे पेनरोज आणि हॉकिंग यांनी आपली प्रसिद्ध प्रमेये त्याच्याच आधारावर उभी केली. समीकरणाचा आशय समजायला अवघड नाही. एकत्र निघालेल्या किरणांचा जुडगा वाटेतल्या पदार्थाच्या गुरुत्वाकर्षणाने आवळला जातो. ऊर्जा धन आहे तोवर गुरुत्व त्या जुडग्याला आवळतच राहते, एकदा आवळू लागलेल्या जुडग्याला पुन्हा पसरू देत नाही. आता कृमिविवराचा गळा पाहा. सर्व बाजूंनी आत शिरणाऱ्या किरणांच्या गोलाचे क्षेत्रफळ कमी कमी होत जाते, गळ्याशी ते किमान होते आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा वाढू लागते. आवळत चाललेला जुडगा मध्येच पसरू लागला, म्हणजे गळ्याशी गुरुत्वाने ढकलण्याचे काम केले. ते धन ऊर्जेच्या हातून होत नाही. किरणाच्या वाटेवर मोजलेली ऊर्जा तिथे ऋण असावी लागते.

ह्याच युक्तिवादातल्या जागेच्या ठिकाणी काळ घाला. विश्वाचा इतिहास उलटा वाचत गेले की दीर्घिका जवळ येतात, घनता वाढते आणि सारे एका अनंत घनतेच्या क्षणाकडे धावते. तो क्षण टाळायचा असेल, आकसत आलेले आधीचे विश्व एका किमान आकाराशी थांबून पुन्हा फुगले असे म्हणायचे असेल, तर तो किमान आकार म्हणजे काळातला गळाच झाला. आपल्यासारख्या जवळजवळ सपाट विश्वात त्यालाही तीच ऋण ऊर्जा लागते. फ्रेड हॉइल आणि जयंत नारळीकर यांनी १९६०च्या दशकात विकसित केलेल्या निर्मितीक्षेत्राची, म्हणजे सी-फील्डची, ऊर्जा ऋण होती. १९८५ साली नारळीकर आणि थनू पद्मनाभन यांनी आरंभीच्या अनंत घनतेची अडचण सोडवण्यासाठी त्याच क्षेत्राचा उपयोग केला. दरम्यान १९७३ साली एलिस आणि ब्रॉनिकोव्ह या दोघांनी स्वतंत्रपणे एक कृमिविवर मांडले होते. त्याचा गळा उघडा ठेवणारे क्षेत्रही त्याच जातीचे, गतिज ऊर्जेचे चिन्ह उलटे असलेले. दोन्हींवरचा आक्षेपही एकच आहे. अशा क्षेत्राचे क्वांटम वर्तन पाहिले तर निर्वात पोकळीतून धन आणि ऋण ऊर्जेचे कण जोडीने, काही न मोजता, अमर्याद निघत राहतील. पोकळी टिकणारच नाही. म्हणून कृमिविवरांचा प्रश्न आणि महास्फोटाचा प्रश्न मी वेगळे मानत नाही. एकाला दिलेली सूट दुसऱ्यालाही आपोआप मिळते, आणि एकातली अडचण दुसऱ्यात डोके वर काढते.

चार मितींतला इतिहास थोडक्यात सांगून पुढे जाता येईल. आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी १९३५ साली मांडलेला पूल प्रवासासाठी नव्हता. अनंत घनतेच्या बिंदूविना मूलकणांचे वर्णन करण्याचा तो प्रयत्न होता. ‘वर्महोल’ हे नाव १९५७ साली मिस्नर आणि व्हीलर यांनी रूढ केले. १९६२ साली फुलर आणि व्हीलर यांनी दाखवले की तो पूल प्रकाशकिरण ओलांडण्याआधीच मिटतो. १९८८ साली मॉरिस आणि थॉर्न यांनी प्रश्न उलटा विचारला: गळा उघडा राहणार असे आधी धरू आणि त्याला कोणता पदार्थ लागतो ते काढू. उत्तर आले ते ऋण ऊर्जेचेच. क्वांटम सिद्धांतात ऋण ऊर्जा आढळते, कॅसिमिर परिणाम त्याचा पुरावा आहे. पण ती किती आणि किती वेळ टिकते यावर फोर्ड आणि रोमन यांनी १९९०च्या दशकात काढलेल्या मर्यादा फार कडक आहेत.

इथे जादा मिती मदतीला येतात. आइन्स्टाइनच्या समीकरणात वक्रतेचे वर्ग घेऊन बनवलेले एक पद मिळवता येते, त्याला गाउस-बॉने पद म्हणतात. चार मितींत ते गतीच्या समीकरणांत काहीच भर घालत नाही. पाच किंवा अधिक मितींत मात्र ते जागे होते, आणि १९७१ साली लव्हलॉक यांनी दाखवल्याप्रमाणे समीकरणे तरीही दुसऱ्या कोटीचीच राहतात, म्हणजे सिद्धांत सरळ सरळ बिघडत नाही. स्ट्रिंग थिअरीतही हे पद पहिली दुरुस्ती म्हणून आपसूक येते. १९९२ साली विप्लव भवाल आणि सायन कर यांनी या सिद्धांतातल्या कृमिविवरांचा अभ्यास केला. गळ्यातला पदार्थ सामान्य राहू शकतो की नाही हे आता त्या पदाच्या सहगुणकाच्या चिन्हावर आणि गळ्याच्या आकारावर ठरते, असे त्यातून दिसले. जुडग्याला पसरवण्याचे काम पदार्थाऐवजी वक्रता स्वतःच करू लागली. पुढे डोट्टी, ओलिव्हा आणि ट्रोंकोसो यांनी २००७ साली सहगुणकांची एक खास निवड करून पदार्थ अजिबात नसलेले, निव्वळ पोकळीतले कृमिविवरही मांडले.

यावर कोणी म्हणेल की मग किंमत माफ झालीच. पदार्थ सामान्य आहे, भूमिती आपले काम करते आहे, आणखी काय हवे? या आक्षेपात तथ्य आहे. ऊर्जेच्या अटी पदार्थासाठी सांगितल्या होत्या. भूमितीने त्या पाळाव्यात असा कुठलाच नियम नाही. पण हिशेब इथे थांबत नाही. गाउस-बॉने सिद्धांताच्या समीकरणांना दोन शाखांची उत्तरे असतात. एका शाखेत ते जादा पद हळूहळू शून्यावर नेले की आइन्स्टाइनचा सिद्धांत परत मिळतो. दुसऱ्या शाखेत तो मिळत नाही. मायदा आणि नोझावा यांनी २००८ साली या स्थिर, सममित कृमिविवरांची शाखावार तपासणी केली. आइन्स्टाइनशी नाते राखणाऱ्या शाखेत गळ्याशी ऋण ऊर्जा लागतेच. अपवाद एवढाच की गळा नेमका दोन शाखा जिथे मिळतात त्या पृष्ठावर असावा. ऊर्जेच्या अटी पाळणारी कृमिविवरे मिळतात ती दुसऱ्या शाखेत. आणि या दुसऱ्या शाखेबद्दल बोल्वेअर आणि डेसर यांनी १९८५ सालीच सांगून ठेवले होते की तिथल्या गुरुत्वीय लहरींची गतिज ऊर्जा उलट्या चिन्हाची आहे. म्हणजे पदार्थातून काढून टाकलेले ऋण चिन्ह गुरुत्वीय लहरींत जाऊन बसले. सी-फील्डवर जो आक्षेप होता तोच पुन्हा समोर आला, आणि आता तो एखाद्या क्षेत्रापुरता राहिलेला नाही, साऱ्या अवकाशाला लागू आहे.

दुसरा मार्ग पटलविश्वांचा. रॅन्डल आणि सुंड्रम यांच्या १९९९ सालच्या कल्पनेत आपले विश्व पाच मितींच्या अवकाशातले चार मितींचे पटल आहे. पटलावर राहणाऱ्याला पाचव्या मितीतली वक्रता एका अदृश्य द्रव्यासारखी जाणवते, आणि या द्रव्यावर ऊर्जेची कोणतीही अट नाही. नरेश दधिच, सायन कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली अशा भूमितींची कृमिविवरे दाखवली. ब्रॉनिकोव्ह आणि किम यांनी २००३ साली तो शोध विस्तारला. इथली किंमत निराळ्या प्रकारची आहे. त्या अदृश्य द्रव्याचे वर्तन पटलावरच्या समीकरणांतून पूर्ण ठरत नाही. पाचव्या मितीत खोलवर काय आहे ते माहीत असेल तरच ठरते. पटलावर सुबक दिसणाऱ्या कृमिविवराच्या मागे पाचव्या मितीत एखादा अनंत वक्रतेचा बिंदू असू शकतो. तो नाही हे दाखवल्याशिवाय उत्तर अर्धेच आहे.

काळातल्या गळ्याच्या बाबतीत हीच गोष्ट एका चिन्हावर येऊन ठेपते, म्हणून ती जवळून पाहण्यासारखी आहे. साध्या विश्वशास्त्रात प्रसरणाच्या वेगाचा वर्ग घनतेच्या प्रमाणात असतो. रॅन्डल-सुंड्रम पटलावर त्यात घनतेच्या वर्गाचे एक पद मिळते, आणि त्याचे चिन्ह अधिक आहे. आरंभी, घनता प्रचंड असताना, या पदामुळे प्रसरण अधिकच वेगाने होते. मागे जाताना विश्व शून्याकडे आणखी घाईने धावते. गळा हवा असेल तर तिथे उणे चिन्ह हवे, म्हणजे एका कमाल घनतेला वेग शून्य होईल आणि विश्व परत फिरेल. पुण्याच्या आयुकातले वरुण साहनी आणि कीव्हचे युरी श्तानोव्ह यांनी २००३ साली दाखवले की ते उणे चिन्ह मिळते, पण जादा मिती अवकाशाची न घेता काळाची घेतली तर. दुसरा काळ म्हणजे पुन्हा उलट्या चिन्हाच्या ऊर्जेला दार उघडे करणे. हा शोधनिबंध मला फार मोलाचा वाटतो, कारण किंमत नेमकी कुठे मोजायची ते त्यात लपवलेले नाही. आणि गंमत अशी की, शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर आणि त्यांचे सहकारी पावलोव्स्की व सिंग यांनी २००६ साली अवकाशाच्या क्वांटम रचनेतून तेच उणे चिन्ह काढले, एकही जादा मिती न घेता. त्या मार्गालाही त्याचे स्वतःचे आक्षेप आहेत, विशेषतः आधी विश्व सममित धरून मग क्वांटम नियम लावण्याबद्दलचे. पण काळातल्या गळ्यासाठी जादा मिती अपरिहार्य नाहीत, एवढे त्यातून निश्चित होते.

जादा मितींची मोकळीक किती महागात पडू शकते याचा सर्वांत कठोर नमुना विटेन यांनी १९८२ साली दिला. कालुझा आणि क्लाइन यांच्या पाच मितींच्या विश्वात पाचवी मिती लहानशा वर्तुळात गुंडाळलेली असते. विटेन यांनी दाखवले की हे वर्तुळ एखाद्या ठिकाणी क्वांटम उडी मारून शून्यावर येऊ शकते. तिथे अवकाशच संपते आणि ते अवकाशहीन भोक प्रकाशाच्या वेगाच्या जवळ जात सगळे गिळत पसरते. ठरावीक प्रकारची कणक्षेत्रे किंवा महासममिती असेल तर हा धोका टळतो. तरी मुद्दा राहतोच: जो सिद्धांत अवकाशाला सहज भोक पाडू देतो, त्याने हे भोक आपले विश्व का गिळत नाही याचेही उत्तर दिले पाहिजे.

आता आरंभकाळाकडे. रॉबर्ट गेरोच यांनी १९६७ साली सिद्ध केले की बंदिस्त अवकाशात जोडण्यांची रचना बदलायची, म्हणजे नसलेले कृमिविवर घडवायचे, तर अनंत वक्रतेचा बिंदू किंवा स्वतःच्या भूतकाळात परतणारी वाट यांतले काहीतरी पत्करावे लागते. हे प्रमेय या विषयात जितके उद्धृत व्हायला हवे तितके होत नाही असे माझे मत आहे. त्याचा अर्थ असा की ती किंमत न मोजता कृमिविवर आज बांधता येत नाही. असेल तर ते प्लँक काळापासून आलेले असले पाहिजे, जेव्हा क्वांटम परिणामांपुढे गेरोचची गृहीतके टिकत नाहीत. टॉमस रोमन यांनी १९९३ साली विचारले की त्या काळातले सूक्ष्म कृमिविवर फुगवट्याच्या युगात मोठे झाले तर? हिशेब करून पाहण्यासारखा आहे. प्लँक लांबी १० चा उणे ३५ वा घात मीटर एवढी. फुगवट्यात विश्व किमान १० च्या २६ व्या घाताइतके पट वाढले असे मानतात. गळा विश्वाबरोबर ताणला गेला असे धरले तरी फुगवट्याच्या शेवटी तो मीटरच्या एक अब्जांश भागाचा, म्हणजे काही अणू मावतील एवढाच होतो. त्यापुढेही ताणला जात राहिला तर तो खगोलीय आकाराचा होईल, पण फुगवटा संपल्यावर तो उघडा ठेवणारी ऋण ऊर्जा कुठून येणार याला उत्तर नाही. आकार वाढवल्याने किंमत कमी होत नाही.

आरंभकाळातल्या कृमिविवरांनी एकदाच एका मोजता येणाऱ्या आकड्याला हात घातला, आणि ती गोष्ट या साऱ्यात मला सर्वांत शिकवणारी वाटते. १९८८ साली गिडिंग्ज आणि स्ट्रॉमिंजर यांनी ॲक्सियन या गृहीत कणाच्या क्षेत्रावर आधारलेली युक्लिडीय कृमिविवरे मांडली. ही बोगद्यांसारखी नसतात, क्वांटम उड्यांची वर्णने असतात. त्यांतून चिमुकली विश्वे सुटतात आणि परत मिळतात. त्याच वर्षी सिडनी कोलमन यांनी दाखवले की अशा उड्यांची बेरीज घेतली तर निसर्गाचे स्थिरांक ठाम राहत नाहीत, त्यांची एक संभाव्यता बनते, आणि वैश्विक स्थिरांकासाठी ती संभाव्यता शून्यापाशी कमालीची एकवटते. सिद्धांताच्या भाबड्या अंदाजापेक्षा हा स्थिरांक १० च्या १२० व्या घाताइतके पट लहान का, या भौतिकशास्त्रातल्या अत्यंत छळणाऱ्या प्रश्नाला अचानक उत्तर मिळाले. पोलचिन्स्की यांनी १९८९ साली त्या बेरजेतल्या चिन्हाबद्दल शंका काढली. फिशलर आणि सस्किंड यांनी दाखवले की त्याच तर्काने प्रचंड आकाराची कृमिविवरेही सर्वत्र माजायला हवीत. १९९८ साली दूरच्या सुपरनोव्हांवरून विश्वाचे प्रसरण वेग घेत असल्याचे दिसले आणि स्थिरांक लहान आहे पण शून्य नाही असे ठरले. ते प्रवेगी प्रसरण दुसऱ्याच एखाद्या क्षेत्रामुळे आहे असे म्हणून कोलमनचे शून्य वाचवता येते. पण मग ते भाकीत एकट्याच्या बळावर उभे राहत नाही.

सारे कल्पनेचे खेळ आहेत, तपासता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना कोलमनचे उदाहरण पुरेसे उत्तर आहे. कृमिविवरांवरच्या एका युक्तिवादाने आकडा सांगितला आणि दुर्बिणींनी त्याला अडवले. जादा मितींनाही अशाच मर्यादा पडल्या आहेत. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एओट-वॉश गटाने पीळ-तुलेने ५२ मायक्रोमीटर अंतरापर्यंत न्यूटनचा वर्गव्यस्त नियम तपासला आणि तो टिकला. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून आलेल्या लहरी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरून आल्या. त्या जादा मितींत झिरपल्या असत्या तर अपेक्षेपेक्षा क्षीण होऊन पोचल्या असत्या. तशा त्या झाल्या नाहीत. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायच्या लायगो-इंडियामुळे अशा घटनांची आकाशातली जागा अधिक नेमकी सापडेल, यजमान दीर्घिका ओळखता येईल आणि ही तपासणी अनेक घटनांवर करता येईल.

उलट बाजूचा आक्षेप जास्त दमदार आहे. माल्दासेना आणि मिलेखिन यांनी २०२० साली रॅन्डल-सुंड्रमच्याच चौकटीत, ज्ञात क्वांटम परिणामांतून येणारी ऋण ऊर्जा वापरून, माणूस ओलांडू शकेल असे कृमिविवर लिहून दाखवले. प्रवाशाच्या घड्याळात एखादा क्षण जातो, बाहेर हजारो वर्षे. यात उलट्या चिन्हाचे क्षेत्र नाही, संशयास्पद शाखा नाही, आणि बाहेरच्या वाटेपेक्षा आतली वाट जवळची नसल्याने कार्यकारणभावही मोडत नाही. हा दावा मी मान्य करतो. पण ते कसे घडेल याची यंत्रणा आपल्याकडे नाही हे लेखकांनी स्वतःच स्पष्ट सांगितले आहे. गेरोच पुन्हा आडवे येतात: समीकरणात उत्तर असणे आणि विश्वाच्या इतिहासात ते उतरणे यांत अंतर आहे, आणि ते भरून काढायचे तर आरंभकाळाबद्दलच बोलावे लागते.

ते बोलणे आज सर्वांत जिवंत आहे ते एका अनपेक्षित ठिकाणी. युक्लिडीय कृमिविवरे खरोखर घडत असतील तर ती ॲक्सियनच्या सममितीला धक्का लावतात. त्या सममितीवरच न्यूट्रॉनच्या विद्युत द्विध्रुवाचे जवळजवळ नसणे अवलंबून आहे असे मानले जाते. २०२० साली स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर संस्थेत झालेल्या मोजणीत तो सापडला नाही. सममिती सुमारे दहा अब्जात एका भागाच्या आत शाबूत आहे असे त्यावरून ठरते. म्हणजे एका प्रयोगशाळेतले न्यूट्रॉन प्लँक काळातल्या उड्यांवर मर्यादा घालतात. कॅलोश, दोन्ही लिंडे आणि सस्किंड यांनी १९९५ सालीच दाखवले होते की हा धक्का किती बसेल ते प्लँक लांबीच्या आसपास अवकाश कसे आहे यावर ठरते. गुंडाळलेली मिती प्लँक लांबीहून बऱ्यापैकी मोठी असेल तर तो पुरेसा दबतो; आणि चार मितींत गतीला न शिवणारे तेच गाउस-बॉने पद जोडण्यांची रचना बदलण्यावर मोठा भार टाकून त्याला दाबू शकते. ही कृमिविवरे मुळात स्थिर आहेत का याबद्दल २०१८ साली नकार आला होता आणि २०२२ साली लोजेस, शिउ आणि सुधीर यांनी होकार दिला. होकार टिकला, तर जादा मितींच्या प्रत्येक सिद्धांताला आपल्या गुंडाळलेल्या मितीचा आकार न्यूट्रॉनच्या त्या मोजणीशी जुळवून दाखवावा लागेल.